तलाव नंबर दोनमधली म्हैस

ऑफिसात कपाटात फायली साठतात आणि कपाटाखाली किस्से साठतात. फायलींना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही, उलट दर वर्षी थोडे लठ्ठच होतात. मी शाळा सातवीत सोडली, की शाळेने मला सोडलं, हे मास्तरांना विचारायचं राहून गेलं. त्यानंतर सगळा जन्म जीप चालवली आणि मोजणीची पट्टी धरली. आमचं ऑफिस बोईसरला, औषधाच्या दुकानाच्या वर. धंदा असा की बिल्डरला काही बांधायचं असलं की त्याने झाडा-पाखरांना, पाण्याला किती त्रास होणार, ते आम्ही कागदावर मांडायचं. मग मुंबईची समिती तो कागद तपासते आणि परवानगी देते किंवा नाही देत. लोक मला तात्या म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण ते नाव पसरवणारा मीच.

आता सांगतोय ते सगळे किस्से एकाच कामातले. पालघरहून बोईसरकडे येताना पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी वसाहत व्हायची होती, आणि तिच्यात तीन कृत्रिम तलाव.

मी नकाशा बघून साहेबांना म्हटलं, "साहेब, आमच्याकडे पावसाळ्यात प्रत्येक बिल्डिंगखाली आपोआप तलाव होतो. त्याची परवानगी कुणी घेतलेली मी तरी पाहिली नाही."

साहेब म्हणाले, "तात्या, गाडी काढा."

* * *

अहवाल लिहिणारे आमचे आठल्ये साहेब पुण्याचे. माणूस सरळ, इतका की त्याला फसवताना मलाच वाईट वाटायचं. म्हणजे, नंतर वाटायचं.

पहिल्याच दिवशी गवतात उतरताना त्यांनी विचारलं, "इथे साप असतात का हो?"

मी म्हटलं, "असतात, पण आमची फुरशी नियमाची पक्की. गुडघ्याच्या खालीच चावतात."

दुसऱ्या दिवशी साहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून हजर. लेस एवढी लांब की होडी बांधून ठेवावी. घालायला पंधरा मिनिटं आणि काढायला पंधरा मिनिटं. तेव्हापासून साहेब चहाच्या टपरीवर बुटात, जेवायला बुटात, दुपारी जीपमध्ये डुलकी घेतली तरी बुटात. देवळासमोरून गेलो की मी आत जायचो आणि साहेब रस्त्यावरूनच हात जोडायचे.

"आत या की," मी एकदा म्हटलं.

"देव पंधरा मिनिटं थांबेल का तात्या?" साहेब म्हणाले.

मी आत जाऊन त्यांच्या नावाचीही घंटा वाजवून आलो.

* * *

तलाव नंबर दोनची जागा मोजायला गेलो तो वैशाख होता. जमीन भाजून निघालेली, दगडावर हात टेकवत नव्हता. मधल्या सखल जागेत एक उंबर होता आणि त्याच्या खाली जेठी बसली होती. जेठी तिथल्या पाड्यावरची, माझ्याच वयाची. ही मला बाबू म्हणते, कारण लहानपणी ती आईबरोबर आमच्या चिंचणीच्या वाडीत कामाला यायची आणि तेव्हापासून मला ओळखून आहे.

मी पट्टी घेऊन जवळ गेलो, तर म्हणाली, "चपला काढ. पान्याची जागा हाय."

मी इकडेतिकडे पाहिलं. पाणी सोडा, ओल नव्हती. म्हटलं, "पाणी काय माझे पाय बघतंय?"

"पानी नाय बघत. मी बघते."

काढल्या. तिने दोन दगड बाजूला सरकवले, हाताने वाळू उपसली, कोपरभर खड्डा केला आणि मागे सरून बसली. मी मस्करी करायला तोंड उघडलं, आणि खड्ड्याच्या तळाला वाळू हलायला लागली. उकळत्या भातासारखी. बघता बघता पाणी वर आलं, स्वच्छ, आणि हात घातला तर गार. वरून आभाळ जाळतंय आणि खाली हे! जेठीने पहिली ओंजळ भरली ती परत खड्ड्यातच सोडली.

"आदी ह्या जागेचा तिला," म्हणाली. "मंग आपला."

होळीनंतर वहाळ आटला की अख्खा पाडा ह्याच खड्ड्यावर पाऊस येईपर्यंत जगतो, असं तिने सांगितलं. मी वर झाडाकडे बघत होतो, तर म्हणाली, "उंबर काय उगाच उगवला हाय?"

मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "आमची ही जागा तुज्या कागदात लिव."

मी जीपमध्ये बसलेल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी अहवालात लिहिलं: झरा, एक, बारमाही. माहिती देणारे: तात्या.

* * *

त्याच अहवालात पाखरांची यादी होती. साहेबांना इथली नावं ठाऊक नव्हती. मी जीपमधून बोट दाखवायचो आणि साहेब लिहून घ्यायचे. खंड्या, शिंजीर, सातभाई, भारद्वाज, सगळी खरी नावं. चाळिसाव्या पाखराला मला कंटाळा आला. कुंपणावर एक मळकट बारकी चिमणी फुगून बसली होती.

"ही सासू-चिमणी," मी म्हटलं. "दुसरीच्या घरट्यात येऊन बसते आणि हलत नाही."

छापून आलं ना ते!

मुंबईला समितीची बैठक. मी खाली गाडीत. समितीतल्या मॅडमनी यादी वाचली आणि विचारलं, "सासू-चिमणी? हिचं शास्त्रीय नाव काय?" साहेब "एक मिनिट" म्हणून बाहेर आले आणि त्यांनी मला फोन लावला.

"तात्या, सासूचं खरं नाव काय?"

मी म्हटलं, "द्वारकाबाई."

साहेब आत जाऊन काय बोलले ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. पण खाली आले तेव्हा चेहरा असा, जसा सातपाटीला बोंबील वाळत घातलाय. मी पोट धरून हसत होतो. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडमनी सांगितलंय, तात्यांनी सांगितलेली आणि पुरावा नसलेली प्रत्येक नोंद गाळायची."

"गाळा की. एक चिमणी गेली तर काय?"

"चिमणी गेली. झराही गेला."

अहवालात आता ओळ होती: नैसर्गिक जलस्रोत, नाही. माझं हसू अर्ध्यातच राहिलं, ते घाटकोपर आलं तरी मला पुरं करता आलं नाही.

* * *

साहेब कपटी नाहीत. म्हणाले, पुरावा द्या, मी परत लिहितो. आम्ही फोटो काढायला गेलो, तर आदल्या दिवशी वळवाची सर येऊन गेलेली. जिकडेतिकडे डबकी. फोटोत झरा आणि डबकं सारखंच दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

मी जेठीला जाऊन सगळं सांगितलं. खोटं बोलायची सवय असलेल्या माणसाला खरं सांगायला फार वेळ लागतो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चिमनीची मस्करी तू केली, न पानी आमचा गेला?"

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

* * *

समितीचा पुढचा प्रश्न होता, तलावात प्लास्टिकचं अस्तर घालणार म्हणता, तर पाणी किती टिकतं ते दाखवा. म्हणून नमुन्याचा एक खड्डा खणायचा ठरलं. कुठे? जिथे कमी खणावं लागेल तिथे, म्हणजे तलाव नंबर दोनच्या सखल जागेत. उंबराच्या बुडाशी.

जेसीबी चालवायला मिश्रा होता, गोरखपूरकडचा. तळ गाठल्यावर ओल लागली. साहेब म्हणाले, वळवाचं पाणी मुरलंय. वर जाड काळं प्लास्टिक अंथरलं, कडेला माझीच मोजपट्टी रोवली, आणि पावसाळ्याने खड्डा कमरेइतका भरून दिला.

पाऊस थांबला. आता रोज सकाळी पट्टी वाचायची. उन्हाने पाणी थोडं थोडं उडणार, पट्टीवर खाली खाली जाणार, असं पुस्तकात.

आठव्या दिवशी पाणी दोन बोटं वर.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तात्या, किती टँकर ओतलेत?"

"आईशप्पथ, एकही नाही."

"सासूची शपथ घ्या."

माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः काठावर खुर्ची टाकून सकाळपासून बसले, बुटात. मला समोर, दिसेन असा बसवला. दिवस मावळेतो पाणी आणखी अर्धं बोट चढलं. साहेबांनी वहीत काय लिहिलं असेल? "उष्णतेने पाणी फुगले."

जेठी रोज लांबून बघून जायची. एकदा म्हणाली, "होळीपर्यंत वहाळात पानी हाय. मंग काय पिऊ, तुजा प्लास्टिक?"

* * *

दोनच दिवसांनी मिश्राचा फोन. "तात्या, पानी में भैंस घुस गयी है. निकलती नहीं."

गेलो. खरंच, खड्ड्याच्या मधोमध काळी, ओली, तुकतुकीत पाठ. मिश्रा सकाळपासून तिला हाका मारत होता. काठावर गवताची पेंढी ठेवली होती. "हुर्र हुर्र" करून घसा बसला होता बिचाऱ्याचा.

"तोंड कुठंय रे हिचं?" मी विचारलं.

"वही तो देख रहा हूँ."

एवढ्यात एक बगळा उडत आला आणि सरळ त्या पाठीवर बसला. चोच साफ केली, एक पाय वर घेतला. मी जन्मभर माणसं फसवली, तलाठी फसवला, सख्खा व्याही फसवला, पण बगळा? बगळा कधी फसला नाही माझ्याकडून. मी चपला काढून काठावर उभा राहिलो आणि नीट पाहिलं. ती म्हैस नव्हती. ते आमचं प्लास्टिक होतं. खालून कुणीतरी हळूहळू, दिवसेंदिवस, पाठीने ढकलत वर आणलं होतं. एवढं कमरेइतकं पाणी अंगावर घेऊन.

कोण, ते मला ठाऊक होतं. पण माझं कोण ऐकणार!

* * *

त्याच आठवड्यात समितीची पाहणी. मॅडम आणि दोघं सदस्य. तलाव नंबर दोनच्या काठावर मॅडम थांबल्या. "हे काय आहे?"

"हवा अडकलीय," साहेब म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं.

मी म्हटलं, "मॅडम, झरा आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीच ना ते, सासू-चिमणीवाले?"

"मीच."

सदस्य हसले. पुढे जायला लागले. एवढ्यात मागून जेठीचा आवाज आला. कमरेवर कळशी घेऊन ती उभी होती.

"बाबू खोटा हाय," ती म्हणाली. "लहानपनापासून खोटा हाय. पानी खोटा नाय."

मॅडम वळल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, उंबराकडे पाहिलं, मग त्या काळ्या पाठीकडे. "फाडून बघू," म्हणाल्या.

"मॅडम, चाचणी रद्द होईल," साहेब म्हणाले.

"होऊ दे."

मधोमध जायचं कसं? मिश्राने जेसीबीचं बकेट खाली टेकवलं. मी त्यात चढलो, जेठीने कंबरेचा विळा माझ्या हातात दिला. सातवी नापास माणसाला इतकं उंच पद कधी मिळालं नव्हतं. मिश्राने मला पाण्यावरून अलगद नेलं आणि त्या पाठीच्या वर आणून थांबवलं. हवा निघाली तर मी कायमचा खोटा, आणि पाड्याची होळीनंतरची तहान माझ्या नावावर.

विळा मारला.

हुस्स करून हवाच निघाली. सगळी पाठ बसली.

"बघा," साहेब हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

बगळा पलीकडे उडून बसला. आणि त्या फाटक्या तोंडातून वाळू उकळल्यासारखी वर आली, तिच्या मागे मनगटाएवढं पाणी. सगळ्या तांबड्या गढुळात ते एकटं काचेसारखं. त्याच्याबरोबर नखाएवढा एक खेकडा आला, प्लास्टिकवर चढला आणि आमच्याकडे बघत बसला, जसं काही आम्हीच त्याच्या घरात आलोय.

मी वाकलो, ओंजळ भरली आणि परत सोडली.

मिश्राने मला काठावर आणलं. इंजिन बंद केलं, खाली उतरला तो अनवाणी. मॅडमनी फाईल उघडली, "नैसर्गिक जलस्रोत"पुढच्या "नाही" शब्दावर पेनाने आडवी रेघ मारली, फाईल सदस्याकडे दिली आणि आपले पांढरे बूट काढून बाजूला ठेवले. सदस्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काढले. जेठीने ह्या वेळी कुणाला काढायला सांगितलं नव्हतं. कळशी घेऊन ती उंबराखाली तशीच उभी होती.

साहेबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग चिखलात खाली बसले आणि लेस सोडायला लागले.

पंधरा मिनिटं लागतात, हे मॅडमना कुणी सांगितलं नाही. पण त्याही थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो.