पडघान मॅडमची मापवही

मंजुषा पडघान आमच्या शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची शिकवण्याची पद्धत कोणती?" मुख्याध्यापकानं असं काहीतरी विचारावं लागतं, नाहीतर खुर्चीला वजन राहत नाही. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, ओढणीनं घाम पुसला आणि म्हणाल्या, "सर, आधी लेकरं तं पाहू द्या." मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

मी पुस्तकाचा माणूस. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत जेवढी प्रशिक्षणं झाली तेवढ्यांना मी गेलो, चहा प्यालो आणि परत येऊन सांगितलं तसंच केलं. आधी मुळाक्षरं म्हणाले, मी मुळाक्षरं घोटून घेतली. मग म्हणाले अक्षरं नकोत, शब्दांपासून सुरू करा. मी अक्षरांचे तक्ते गुंडाळून कपाटावर फेकले. मग गोष्टीतून भाषा आली, मग कृती आली, मग कार्डं, मग मोबाइल. दर वेळी नवं घेतलं की जुनं कपाटावर. पडघान मॅडमनं पहिल्याच आठवड्यात कपाटावरचं ते सगळं खाली उतरवलं, धूळ झटकली आणि ज्या पोराला जे लागू पडेल ते त्याच्या पुढ्यात टाकलं.

आमची शाळा इंझोरीहून आत चार किलोमीटरवर. दोन खोल्या, दोन शिक्षक, सव्वीस लेकरं. पहिली ते तिसरी त्यांच्याकडे. चौथी आणि कागदपत्रं माझ्याकडे. त्यांच्या वर्गात डोकावावं तर एका कोपऱ्यात पाढ्यांची घोकंपट्टी, दुसऱ्या कोपऱ्यात चिंचोक्यांची वजाबाकी, आणि बाहेर अंगणात चुन्यानं काढलेल्या अक्षरांवरून हरीओम नावाचा पोरगा धावतोय. या सगळ्या प्रकाराला मी मॅडमच्या तोंडावर भेळ म्हणायचो.

"भेळच हाये सर," त्या हसून म्हणायच्या. "पण ज्याले मिरची झोंबते त्याले बिनामिरचीची देतो."

हे डोकं त्यांना वडिलांकडून मिळालं होतं. वडील केनवडच्या बाजारात शिवणकाम करायचे. मंजुषाचं डी.एड. झालं आणि शिक्षक भरतीची वाट पाहण्यात आठ वर्षं गेली. ती आठ वर्षं तिनं बापाशेजारी दुसऱ्या मशीनवर बसून काढली. जूनमध्ये शाळांचे गणवेश शिवायचे. बाप म्हणायचा, "गणवेश एकच असते बाई, पण पोट्टे एक नसतात. माप घेतल्याबिगर कापडाले कात्री लावू नको." नोकरी लागली तेव्हा मशीन केनवडलाच राहिली, पण टेलरची लांबट वही त्यांच्यासोबत शाळेत आली.

त्या वहीत दर लेकराचं एक पान होतं. छाती, कंबर, उंची नव्हे. काय चाललं आणि काय नाही. रामसिंगच्या पानावर लिहिलं होतं: घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो, 'आई' शब्द दाखवला तर मान खाली, फळ्यावर 'याडी' लिहिलं तर हसला, तिथून सुरू. हरीओमच्या पानावर: बसून जमत नाही, पळत जमते. खाडाखोड इतकी की वही पाहून माझ्यासारख्याला ताप यावा. वरून तपासायला येणाऱ्यांसाठी पाठाचं टाचण वेगळं असतं, नीट, समासासह. तेही त्या लिहायच्या, पण त्यात नाइलाज स्वच्छ दिसायचा.

मग मी एक काम केलं. आजही आठवलं की कान गरम होतात. शाळेच्या शेरेबुकात लाल शाईनं लिहिलं, 'निश्चित अध्यापन पद्धतीचा अभाव.' मॅडमनं वाचलं, खाली सही केली आणि वर्गात निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचं सगळ्यात अडलेलं पान होतं वर्षाराणीचं. तिसरीतली पोरगी, तोंडानं अशी चलाख की भल्याभल्यांना विकून खावं. धडा एकदा ऐकला की तिला पाठ. पुस्तक हातात धरून खडाखडा म्हणायची, आणि पाहावं तर पान भलतंच उघडलेलं. मी दोन वर्षं तिला उत्तम वाचक समजत होतो. पडघान मॅडमनं पहिल्याच दिवशी पुस्तक उलटं करून दिलं आणि बिंग फुटलं. तिच्या पानावर एकाखाली एक ओळी खोडलेल्या होत्या. अक्षरकार्ड, नाही. चित्र, नाही. गोष्ट, पाठ करून टाकते, नाही.

ही वर्षाराणी जगदेव आबाजींची नात, आणि जगदेव आबाजी म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. चौथी शिकलेला, बारा एकरांचा, सरळ बोलणारा माणूस. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणायचा मान गावात त्यांचा. झडती म्हणजे चार ओळींची टोमणेबाज कविता, एकानं म्हणायची आणि शेवटी सगळ्या गावानं एका आवाजात "महादेव!" म्हणून साथ द्यायची. त्यांच्यासारखी खडी झडती पंचक्रोशीत कोणी म्हणत नाही, हे मी त्यांच्याशी भांडूनही मान्य करीन.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षाराणी वर्गात आजोबांच्या झडत्या म्हणून दाखवत होती. एकामागून एक, तीसेक तरी. मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांनी तिला म्हटलं, "हे आबाजीची झाली. आता तुही एक सांग. नवीन." पोरीनं जागच्या जागी रचली:

शाळेच्या मागं सोयाबीन दाट,
हरीओमच्या गोऱ्ह्यानं मोडली वाट,
सर म्हणे काढ रे वही अन् पाट,
गोऱ्ह्यानं खाल्ली वही, सर पाहे वाट!

"महादेव!" वर्ग ओरडला. मी शेजारच्या खोलीतून दचकून उठलो. मॅडमनं तेवढ्यात ती फळ्यावर लिहून काढली होती. स्वतः रचलेलं होतं, म्हणून त्यातला शब्द न् शब्द पोरीच्या मालकीचा होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनं फळ्यावरच्या दोन ओळींची जागा बदलली, तिसऱ्या दिवशी 'गोऱ्ह्या'च्या जागी 'बकरी' लिहिली. पोरगी चिडली. "मॅडम, हे मी नाई म्हटली!" म्हणजे तिनं वाचलं होतं. मापवहीत त्या दिवशी पहिल्यांदा न खोडलेली ओळ आली.

मी विचारलं, "मॅडम, तुम्ही बौद्ध, आणि वर्गात दिवसभर महादेव चाललंय. तुमच्या घरचे काय म्हणतील?"

"घरच्याईले मी सांगतो सर. मले तं लेकराच्या तोंडात आधीपासून जे हाये, ते पाटीवर आणाचं हाये."

त्यांच्या घरचे काही म्हणाले नाहीत. बोलले जगदेव आबाजी. समितीच्या बैठकीत ते उभेच राहिले.

"झडती तोरणाखाली म्हणाची असते. वर्षातून एक दिवस. तुमी ते रोज शाळेत वाजवून राह्यले. अन् पोट्टीले वाचता तं येतच नाई! तालुक्याच्या कॉन्व्हेंटची व्हॅन उद्यापासून वळवतो म्हटलं तं वळते. माह्या भावकीचे सात लेकरं हायेत."

सात गेली की आमचा पट विसाच्या खाली. मग दुसऱ्या शिक्षकाची जागा राहते का, आणि पुढे शाळा तरी राहते का, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी आबाजींना समजावू लागलो, पण मॅडमच मध्ये बोलल्या. "दसऱ्यालोक थांबा आबाजी. नाई वाचलं तं घेऊन जा."

"पुस्तकातलं नाई चालनार. ते तिले पाठ असते. कागद मी आणीन."

त्या बैठकीपासून दसऱ्यापर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. मॅडमनं झडत्या सोडल्या नाहीत, पण त्यावरच विसंबूनही राहिल्या नाहीत. जोडाक्षरांसाठी माझे जुने तक्ते काढले आणि चक्क घोकून घेतले. मी म्हटलं, "ही तर माझी पद्धत." "चांगली हाये न सर," त्या म्हणाल्या, "पण सगळ्याईले नाई, अन् पहिल्या दिवशी नाई." दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी आबाजी येणार होते; त्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मात्र त्या स्कुटीला किल्ली लावून तशाच उभ्या राहिल्या. "मले भेव वाटून राह्यलं सर. तीन गोष्टी करून पाह्यल्या अन् चौथी सापडली. उशीर झाला असन तं?" एका ओळीचा शेरा लिहायला किती सोपा असतो, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आबाजी आले. वहाणा दाराशी काढल्या, खुर्चीवर बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. फवारणीच्या औषधाच्या बाटलीसोबत मिळतो तो माहितीचा कागद. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मला चष्मा लावूनही धड दिसेनात. मी मनातल्या मनात आमच्या शाळेला नमस्कार करून टाकला. बाकीची लेकरं खिडकीला लटकली होती.

वर्षाराणीनं कागद हातात घेतला. उलटा नव्हता, एवढं एक बरं. तिनं मॅडमकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. आबाजींनी पाय हलवायला सुरुवात केली. मग पोरीची टाच जमिनीवर वाजायला लागली, झडतीला वाजते तशी, आणि ती ठेक्यात वाचू लागली.

"वा-प-र-ण्या-पूर्वी... वापरण्यापूर्वी बा-टली ह-ला-वा-वी!"

"महादेव!" खिडकीतून पंचवीस गळे ओरडले.

आबाजींचा चेहरा लाल झाला. मॅडमनं खिडकीकडे असे डोळे वटारले की लेकरं खाली बसली. पण पोरगी थांबली नव्हती. तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं. आता ठेका हळू झाला, टाच थांबत थांबत वाजू लागली.

"औषध मूळ बा-टलीतच, कु-लूप-बंद जागी ठेवावे. खा-द्य... खाद्य-प-दा-र्थ... खाद्यपदार्थां-पासून व लहान मुलांपासून दूर ठेवावे."

ती थांबली. पुढे ओळी होत्या, पण ती वाचेना. मला वाटलं, अडली. तिनं मान वर केली.

"आबाजी, हे बाटली तं आपल्या पिठाच्या डब्यामांगं ठेवली हाये. बाळ आता रांगून राह्यलं न. काल ते त्या डब्याले धरून उभं झालं होतं."

आबाजी तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले आणि बाहेर पडले. वहाणा दाराशीच राहिल्या. अनवाणी माणूस ओल्या रस्त्यानं जवळजवळ पळतच घराकडे जाताना मला खिडकीतून दिसला.

वर्षाराणीचे डोळे भरले. "मॅडम, मी चुकली का?"

"नाई गं माय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं. मला आपल्या लाल शाईच्या शेऱ्याची इतकी लाज वाटली की मी उगाच हजेरीपट उघडून बसलो. सव्वीस नावं. दोनदा मोजली.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. आबाजी परत आले. पाय चिखलानं भरलेले, छाती भात्यासारखी हलत होती. ते खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला धरून आधी श्वास घेतला.

"बाटली गोठ्यात आढ्याले टांगून आलो. कुलपाची पेटी उद्या आणतो." मग मॅडमकडे न पाहता म्हणाले, "व्हॅनवाल्याले सांगतो, इकडं वळू नको म्हनून."

मी सोडलेला श्वास बाहेरच्या पोरांनाही ऐकू गेला असेल. मॅडम खालीच बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. तीस वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आबाजी मात्र हसले नाहीत. ते नातीसमोर, सतरंजीवर, लेकरासारखी मांडी घालून बसले. खाली पडलेला कागद उचलून त्यांनी तिच्या हातात दिला आणि त्याची घडी स्वतःच्या बोटानं सरळ केली.

"हं, माय. पुढचं वाच," ते म्हणाले. "अजून काय काय चुकून राह्यलं आमचं, ते पाहू."