दादांच्या पायाशी मारलेला चेंडू

आमच्या घराण्यात टेनिसचा सामना हरलेली मी पहिली सून. हरवणारीही सूनच होती, माझी थोरली जाऊ. त्यामुळे अब्रू गेली ती तशी घरातल्या घरातच राहिली.

परळीला थर्मल वीज केंद्राच्या कॉलनीत तेव्हा साठी उलटलेल्या जोडप्यांचे सामने व्हायचे. आमचे हे आणि यांचे थोरले भाऊ, दोघंही तिथूनच रिटायर झालेले. हे लहानपणापासून दादांकडून हरत आले होते. कुस्तीत, पोहण्यात, पत्त्यांत, चिंचा पाडण्यातसुद्धा! एकदा तरी दादाला हरवायचं, एवढी एकच हौस यांची उरली होती. आणि त्यासाठी जोडीदार कोण? तर मी! चौथी शिकलेली, भाजीवालीला भाव विचारायलाही लाजणारी.

"आगं, भाकरी थापून थापून तुझ्या मनगटात लई जोर आलाय," हे म्हणाले. "आन् या वयात पायानं न्हाई, डोक्यानं खेळायचं. पुढं जायचं तर दोघांनी, मागं यायचं तर दोघांनी. दादा नेटजवळ उभा ऱ्हातो, त्याला वाकता येत न्हाई. त्याच्या पायाशी चेंडू मारायचा. बास!"

महिनाभर सकाळी सकाळी सराव केला. अंगावर साडी, पायात यांचे जुने बूट (पुढे कापूस कोंबलेले!). नेटपलीकडे दादांच्या जागी यांनी कडब्याने भरलेलं पोतं उभं केलं. दहातले नऊ चेंडू मी बरोबर पोत्याच्या बुडाशी मारायचे.

"आता दादाची खैर न्हाई!" हे खूश.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. पोत्यासमोर डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही.

थोरल्या दिरांपुढे मी चाळीस वर्षांत मान वर केली नव्हती. सामन्यात ते नेटजवळ आले, की माझा हात आपोआप पदराकडे जायचा, आणि तेवढ्यात चेंडू शेजारून पसार!

"आगं, चेंडूकडं बघ, पदर काय धरतीस!"

"दादा बघायलेत."

"मग त्यानं काय डोळे मिटून खेळावं?"

शेवटी पलीकडून जाऊबाईच ओरडल्या, "सुमन, पिन लाव गं त्या पदराला! असं जिंकायची मलाच लाज वाटायली!"

पिन लावली आणि माझा हात मोकळा झाला. एकेक पॉइंट करत आम्ही बरोबरी गाठली. आता जो पॉइंट घेईल तो जिंकला! बघणारे उभे राहिले. चेंडू नेमका माझ्यासमोर आला. पलीकडे दादा. मी मनात म्हटलं, हे पोतंच आहे (देवा, माफ कर!), आणि दिला ठोकून.

चेंडू थेट दादांच्या अंगठ्यापाशी!

"अगं बाई! दादांच्या पायाला लागला!" माझ्या तोंडून निघालं.

लागला नव्हता. अंगठ्याच्या बोटभर अलीकडे टप्पा पडला, दादांनी तो कसाबसा रॅकेटवर उचलला आणि चेंडू आमच्याकडे उंच, अलगद आला. यांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, असा चेंडू! "सोड, माझा हाय!" म्हणत हे मागून धावले.

मी तर कधीच सोडला होता. चेंडूही आणि रॅकेटही! नेटपाशी वाकून, नेटखालून हात घालून मी दादांच्या पायाला नमस्कार करत होते.

चेंडू माझ्या पाठीवर पडला आणि सामना गेला.

दादांनी वरूनच हात उचलला. "अखंड सौभाग्यवती भव!" मग यांच्याकडे बघून म्हणाले, "बघ बे, सून असावी तर अशी!"

घराच्या फाटकाशी स्कूटर थांबवल्यावर हे बोलले, "कावून वाकलीस गं?"

"मला वाटलं, त्यांना चेंडू लागला."

"आगं, लागावा म्हणूनच तर महिनाभर शिकवलं!"

आता दोघा भावांचे गुडघे गेले. रॅकेटी माळ्यावर आहेत. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून त्याच पॉइंटवरून भांडतात. मी चहा घेऊन गेले, की हे म्हणतात, "हिलाच विचार! त्या दिवशी आमीच जिंकत होतो का न्हाई?"

मी पदर सावरते आणि खाली बघून सांगते, "दादा म्हणतील तसं."