खिडकीशी कोणी बसावं

बाइंडरच्या दुकानाला खिडकी एकच. तिच्यातून आलेला उजेड एका पाटाएवढ्या जागेवर सांडतो आणि तिथून दिवसभर हलत नाही. पूर्वी त्या पाटावर बाइंडरचा थोरला भाऊ बसायचा. भाऊ गेल्यावर बाइंडर भिंतीकडून सरकत सरकत तिथे पोहोचला, कुणाला न विचारता.

भावाची बायको, म्हणजे वहिनी, भिंतीशी बसून फर्मे शिवते. सोळा पानांची घडी म्हणजे एक फर्मा. असे हजारो फर्मे तिच्या बोटांखालून गेले, एक टाका कधी सुटला नाही. यंदा मात्र तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं.

"भावोजी," ती एका सकाळी म्हणाली, "खिडकी मला द्या, नाहीतर उद्यापासून शिवायला दुसरी बघा."

दुसरी मिळणार कुठून? पण जागा सोडायची म्हटल्यावर बाइंडरच्या जिवावर आलं. जे करायचं ते न्यायानं करू, असं त्यानं सांगितलं आणि समोरचं पुस्तक ओढलं. वाचनालयातून आलेलं ते जाडजूड पुस्तक पार उसवलं होतं. न्याय कशाला म्हणावं, यावर अडीच हजार वर्षांत थोरामोठ्यांनी घातलेला वाद त्यात होता. बाइंडर शाळा फारशी शिकला नाही, पण जे बांधतो ते वाचतो.

पहिल्याच फर्म्यात निघालं की ज्यानं त्यानं आपल्या जागी आपलं काम करावं, हाच न्याय. बाइंडरनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. जागा कोणी वाटून दिल्या तेही लिहिलंय का, असं वहिनीनं विचारलं. ते लिहिलं नव्हतं.

मधल्या एका फर्म्यात होतं, जास्तीत जास्त माणसांचं सुख बघावं. बाइंडरनं आपल्या बाजूची माणसं बोटांवर मोजली. तेवढ्यात डबा घेऊन बायको आली आणि मला वहिनींकडे मोजा म्हणाली. तो फर्मा लगेच दाबायच्या वजनाखाली गेला.

शेवटाकडे एक युक्ती सापडली. आपल्या वाट्याला कोणती जागा येईल ते ठाऊक नाही असं धरून नियम करायचा. बाइंडरला ती फार आवडली.

"समजा वहिनी, तुम्ही कोण आणि मी कोण, आपल्याला काही कळतच नाही."

"मला नेढं दिसत नाही, एवढं कळतं. तुम्हीच विसरून बघा."

बाइंडर इरेला पेटला. एक दिवस तो वहिनी होऊन भिंतीशी बसला, वहिनी खिडकीशी. त्यानं दोरा ओठांत ओला केला, पिळला, एक डोळा मिटून नेम धरला. अर्धी सकाळ दोरा सुईच्या आजूबाजूनं फिरत राहिला. दुपारी एकदाचा फर्मा शिवून झाला, तर तो उलटा. थोर विचारवंत सगळे शीर्षासनात. वहिनीचे तोवर अकरा झाले होते. तिनं तो उसवून सरळ शिवून दिला, हे त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचं आसन खिडकीशी मांडलेलं होतं. बाइंडर भिंतीशी पुठ्ठ्याला खळ लावत बसला होता.

"पूर्ण विचारान्ती मी या निर्णयाला आलो," तो म्हणाला.

"बरं झालं," वहिनी सुई ओवत म्हणाली. "पण त्या टोचलेल्या बोटांना चिंधी बांधा, भावोजी. खळीत मोरचूद आहे, झोंबेल."