पानात चालणारे दाणे

दर गुरुवारी विद्यापीठातली एक विद्यार्थिनी आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला मदतीला यायची. अंगाने इतकी बारीक, की पहिल्याच दिवशी पोरांनी तिचं बारसं केलं: काडीताई. मी विज्ञानाची बाई. अभ्यासक्रम उरकता उरकता माझ्या आधीच नाकी नऊ आलेले, त्यात ही! बोलायची हळू, आणि कुणी कितीही अडलं तरी उत्तर म्हणून सांगायची नाही. म्हटलं, झालं कल्याण.

एका गुरुवारी तिने बाटलीतून पाणवनस्पती आणली, तिचं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि दिसेल ते काढा म्हणाली. पोरांनी एकेक करून डोळा लावला आणि भराभर पेशी काढल्या, अगदी पुस्तकातल्यासारख्या. कागद कोरा राहिला तो शिंप्याच्या मुलीचा. तिला गुण बेताचेच, त्यामुळे पुढच्या वर्षी अकरावीला विज्ञान सोडायचं, असं वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं. पोर मनातून खट्टू होती.

"मला काहीच दिसलं नाही," ती मान खाली घालून म्हणाली. वर्ग फिदीफिदी हसला. मीही चार शब्द सुनावणार होते.

काडीताईने स्वतः डोळा लावला. "बरोबर आहे हिचं. पान सरकलंय. इथे नुसतं पाणी आहे."

भराभर काढलेल्या पेशींवर पोरांनी हळूच हात ठेवले. तिने पान पुन्हा बसवलं आणि स्क्रू फिरवायचं काम त्या मुलीवरच सोपवलं. पोरीने बराच वेळ डोळा काढला नाही. मग हळूच म्हणाली, "हिरवे दाणे चालतायत."

काहीतरीच! तोडलेलं पान ते, त्यात चालणार कोण? तिला बाजूला सारून मी पाहिलं आणि खरं सांगते, पोर बरोबर होती. प्रत्येक पेशीत कडेकडेने हिरवे दाणे गोल फिरत होते, कुणी हाकत नव्हतं की अडवत नव्हतं. फळ्यावर पेशी काढण्यात माझा जन्म गेला, पण ती जिवंत असते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या गुरुवारी पोरीने वडिलांनाच ओढून आणलं. सुईत दोरा ओवणारा माणूस, त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी काडीताईला विचारलं, हे सगळं शिकायला किती वर्षं लागतात?

"मी अजून शिकतेच आहे, काका."

ते मुलीकडे वळले. "ऐकलंस? मग आत्ताच सोडून कसं चालेल?"