माझ्या डोक्यातली जट

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. शाहूपुरीतल्या एका शाळेत मी शिकवायचे आणि शाळा सुटली की गावोगाव हिंडायचे. काम काय, तर देवीला सोडल्या जाणाऱ्या पोरी वाचवायच्या आणि जोगतिणींच्या जटा कापायच्या. केसांत गुंता होऊन त्याची जट झाली, की लोक म्हणायचे देवीचं बोलावणं आलं. मग पोरगी देवीला सोडायची. तिनं लग्न करायचं नाही, परडी घेऊन जोगवा मागायचा, आणि पुढं तिचं काय व्हायचं ते अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. मी दारोदार घसा कोरडा करायचे, "अगं, ही देवी न्हाय, न विंचरलेलं डोस्कं हाय!"

उचगावात नऊ वर्षांची एक पोर होती. तिच्या डोक्यात बोटाएवढी जट आलेली. आई स्वतः जोगतीण, पदराखाली तिची जाडजूड जट. येत्या माघी पुनवेला पोरीला सोडायचं तिनं पक्कं केलं होतं. दोनदा जाऊन समजावलं. तिसऱ्यांदा, एका रविवारी सकाळी, माझं टाळकंच सरकलं. "तू आई हायस का कसाई?" सगळी गल्ली गोळा होईल एवढ्यानं ओरडले. तिनं पोरीला आत ओढलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. पुनवेला बाराच दिवस उरले होते.

खरं सांगते, त्या दिवसांत मी सगळ्यांवरच खेकसत होते. वर्गातल्या पोरींवर, बसच्या कंडक्टरवर, दूधवाल्यावर. जेवण उभ्यानं, झोप अर्धीमुर्धी. सकाळी केस तसेच गोळा करून अंबाडा आवळायचा की पळायचं. कुणी "जरा दमानं घ्या" म्हटलं तर तळपायाची आग मस्तकात जायची. पोरी चालल्यात देवीला, आणि मी दमानं घेऊ? दमणं म्हणजे मला गद्दारी वाटायची.

माझ्याबरोबर एक मावशी असायची. वीस वर्षं जोगवा मागितलेली बाई. तिची जट मीच कापली होती आणि तेव्हापासून ती माझ्यासोबत गावं फिरायची. उचगावातून घरी आलो तर माझं डोकं ठणकत होतं. तेल लावते म्हणाली. अंबाडा सोडला आणि तिचा हात थांबला.

"बाई, जट हाय."

"कुणाला?"

"तुमास्नी की!"

"मावशी, चेष्टा नको."

तिनं माझाच हात धरून मानेवर टेकवला. सुपारीएवढी घट्ट गाठ! मावशी पोट धरून हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता रडू फुटलं ते थांबेचना. "ती पोरगी जाणार मावशी. मला नाही जमत आता."

मावशीनं समजूत काढली नाही. तेल ओतलं, दाभण घेतलं आणि एकेक केस सोडवायला बसली. "रडा. फकस्त हलू नगा, दाभण लागंल." संध्याकाळ झाली तेव्हा गाठ सुटली आणि तिनं हुकूम सोडला, "आठवड्यातनं एक दीस घरात ऱ्हायचं. न्हायाचं, बसून जेवायचं, झोपायचं. न्हायतर म्या येत न्हाय तुमच्यासंगं."

"पुनव होऊ दे, मग बघू."

"आजपास्नं."

ऐकलं तिचं. तो एक दिवस मी पुढं कधीच सोडला नाही, कुणी आळशी म्हणो नाहीतर आणखी काही. चार दिवस धड जेवले, धड झोपले, तेव्हा कळलं की त्या आईवर मला राग नव्हताच. मी हरेन अशी भीती होती. आणि तिला मी आजवर एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

पाचव्या दिवशी शाळेत रजा टाकून मावशीबरोबर पुन्हा उचगाव. "परत आलासा?" ती दारातच उभी.

"कसाई म्हणाले ते चुकलं माझं," मी म्हटलं. मग माझ्या गाठीचं सांगितलं. तिचा विश्वास बसेना.

"बघू," म्हणाली. मी उंबऱ्यावर बसून मान वाकवली. तिनं बोटं फिरवून चाचपलं.

"काय पूजा घातलासा?"

"पूजा नाही. तेल घातलं."

तिनं बोटांना लागलेलं तेल पदराला पुसलं. मग तिनं पोरीला हाक मारली.

मावशीनं दाभण घेतलं; पोरीची जट सुटायला दुपार गेली. सुटल्यावर पोरीनं डोकं गदागदा हलवलं आणि खेळायला पळाली. आई तिथंच बसून राहिली.

"तुम्हाला सोडलं तेव्हा केवढ्या होता?" मी विचारलं.

"हिच्याएवढीच. जटबी एवढीच हुती," ती म्हणाली. "तेल हुतं की वो घरात." तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. "ही सुटंल का आता?"

"नाही. कापावी लागेल."

"मग कापा. पर सावकाश कापा बाई, मला रडायचं हाय."

कात्री पिशवीतच होती. मी ती लगेच काढली नाही.