ड्रायवरीणबाईंची मापाची पट्टी

ड्रायवरीणबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी गळ्याच्या हाडांकडे. ब्लाऊज शिवायला आलेल्या बाईच्या खांद्यावर मापाची पट्टी टाकली की त्यांची नजर तिथेच अडकायची. "मागच्या बारीपेक्षा गळालीस गं. सांजच्याला ताप येतो का?" असं विचारणारं शिवणकाम आमच्या पूर्णा गावात दुसरीकडे कुठे होत नव्हतं. बायका हसायच्या. उत्तर मिळेपर्यंत पट्टी काही निघायची नाही.

नवरा ट्रकवर ड्रायव्हर, म्हणून त्या ड्रायवरीण. मी शाळेत शिकवायची. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. नवरा खोकत खोकत गेला तेव्हा गल्लीला कळलं ते इतकंच, की टीबी होता. त्याला एड्सची लागण झाली होती आणि रक्त तपासल्यावर ती बाईंनाही निघाली, हे फक्त मला माहीत होतं. त्यावर तेव्हा आमच्याकडे औषध नव्हतं. पण परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं होतं: या आजारात टीबी पटकन धरतो, कधी कधी खोकला नसतानाही आत वाढतो, मात्र लवकर सापडला तर बरा होतो. बाईंनी ते घट्ट धरून ठेवलं. "आमी त्यांचा खोकला ऐकत बसलो, मॅडम. खोकल्याची वाटच बघायची न्हाई," असं त्या म्हणायच्या.

पुढे त्यांना स्वतःलाच संध्याकाळी कणकण येऊ लागली. थुंकी तपासली, काही निघालं नाही. दुसरी कुणी निवांत झाली असती. ह्या परत परभणीला गेल्या. "साहेब, घामानं उशी भिजायली. मानेला गाठ लागायली हाताला." डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासणी केली; टीबीच होता. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, तोंड कडू पडायचं. तरी एक गोळी त्यांनी चुकवली नाही. हळूहळू गाल भरले, मशीन पुन्हा चालू झाली.

शेवंता त्यांच्याकडे जुनं ब्लाऊज आवळून घ्यायला आली, ती याच सुमारास. तिचा नवरा बाईंच्या नवऱ्याबरोबर एकाच ट्रकवर होता. पट्टी टाकताच बाईंचा चेहरा उतरला. ताप येतो, हे शेवंतानं कबूल केलं. पण दवाखान्याचं नाव काढताच ती निघून गेली. तिच्या नवऱ्यानं बजावलं होतं, "दवाखान्याची पायरी चढलीस तर ह्या घरात यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाई शेवंताच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. नवरा आतून ओरडत होता, शेजारीपाजारी गोळा झाले होते. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मालकाची ती एड्सची बिमारी मला बी हाय. टीबी झाला व्हता, येळेवर गेले म्हणून उभी हाय. हिला जाऊ द्या."

शेवंता त्यांच्याबरोबर गेली. तिलाही एड्स आणि टीबी दोन्ही निघाले, टीबी मात्र सुरुवातीचाच होता. ती उपचाराला लागली. इकडे बाईंच्या मशीनवर कापड यायचं बंद झालं. शिवून ठेवलेले कपडेसुद्धा कुणी न्यायला आलं नाही.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा वस्तीत ढोल वाजत होते. पेढ्यांचं ताट बाईंच्या दारावरून पुढे गेलं. त्या जुलाबानं खंगून अंथरुणाला खिळल्या होत्या. टीबी परतला नव्हता; मूळ आजारानंच आता गाठलं होतं. ढोल ऐकून म्हणाल्या, "झालं एकदाचं. लय बरं झालं, मॅडम."

उन्हाळ्यात त्या गेल्या. अंगाला हात लावायला कुणी पुढे येईना. शेवंतानं आणि मी त्यांना आंघोळ घातली. तिरडी तयार झाली, पण पुरुष लांबच उभे. शेवंता खाली वाकली, तिरडीचा पुढचा बांबू धरला. गर्दीतून तिचा नवरा आला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. मग बाकीचे हलले.

स्मशानातून परतताना तो माझ्याजवळ थांबला. हाडं वर आलेली, दम लागलेला. खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, त्या डॉक्टरकडं मला बी नेता का?"

नेलं. त्याला फार उशीर झाला होता. कॉटच्या उशाशी शेवंता बसून होती, आणि तिच्याकडे बघत तो एकच विचारत राहिला, "हिचं तर बरं हाय ना, डॉक्टर?"