लीलाक्कांची जीभ

लीलाक्का गेल्याचा निरोप घेऊन आलेल्या बाई दारातच म्हणाल्या, "जीभ फार तिखट होती हो, पण मनानं चांगल्या होत्या." मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा ह्या गावाला सरळ वाक्य बोलता येत नाही. पुढे शोकसभेत गावच्या शाळेचे मुख्याध्यापक उठले, रुमाल काढला आणि म्हणाले, "लीलाक्कांच्या सेवायज्ञात आम्हीही एक समिधा टाकली." समिधा नव्हे, त्यांनी पाणी टाकलं होतं. माझ्याच पोरीच्या बाबतीत टाकलं होतं, म्हणून मला माहीत.

माझी वैशाली जन्मतः बहिरी. आम्ही शिरपूरला, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. ती चार वर्षांची झाली तरी सासूबाई म्हणायच्या, "तिना बाप बी उशिराच बोलना." मुख्याध्यापकांनी तिला पहिलीत शेवटच्या बाकावर बसवलं, वर्षभर तिथेच ठेवलं आणि शेवटी मला बोलावून सांगितलं, "घरकाम शिकवा. मुकी बायको कोणाला नको असते?" स्वतःच्या विनोदावर ते हसलेही. त्या संध्याकाळी मी अंगणात वैशालीच्या कानाशी तोंड नेऊन जीव तोडून ओरडत होते... समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "सुमन, घसा बसेल तुझा. तिला काय फरक पडतोय?"

त्या लीलाक्का. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, लग्न न केलेल्या, आणि गल्लीत कोणाशीही गोड न बोलणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ मधूभाऊही बहिरा. त्याच्या शाळेपायी त्यांनी तरुणपणी जे उंबरे झिजवले, ते सगळे त्यांना पाठ होते. दुसऱ्याच आठवड्यात त्या आम्हा दोघींना एस.टी.नं धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. कानाचे डॉक्टर वैशालीकडे न बघताच म्हणाले, "अशी मुलं चिडकी असतात." अक्का म्हणाल्या, "मीही चिडकी आहे, डॉक्टर. मला तर सगळं ऐकू येतं. आता तिचे कान तपासा." त्यांनी तपासले. निघताना बहिरेपणाचा दाखलाही दिला. मी आभार मानायला लागले तर अक्कांनी माझा हात ओढला. "पगार मिळतो त्याला," म्हणाल्या.

जळगावच्या मूकबधिर शाळेत तर त्यांनी कहर केला. वसतिगृह भरलंय, पुढच्या वर्षी या, असं तिथले व्यवस्थापक म्हणाले. अक्का बाकावर बसल्या. "पुढच्या वर्षी हिचं वय वाढेल. तुमची अक्कल वाढणार आहे का?" मी लाजेनं अर्धी झाले. पण त्या उठल्याच नाहीत. दुपार टळली, चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. अखेर त्या माणसानं एक खाट वाढवून घेतली. जागा होती, फक्त माणूस हलवायचा होता.

मग माझा नवरा आडवा आला. मुलीला परगावी ठेवायचं नाही, लोक काय म्हणतील! अक्का त्याच्याशी भांडल्या नाहीत. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याची नोकरी करणाऱ्या मधूभाऊंना घेऊन आल्या आणि समोर बसवलं. मधूभाऊंनी कागदावर लिहिलं : 'मला शाळेत सोडलं तेव्हा आई आठ दिवस रडली. सोडलं नसतं तर जन्मभर रडली असती.' नवऱ्यानं ते दोनदा वाचलं. सकाळी तिची वळकटी त्यानंच बांधली.

शाळेच्या फाटकात मला हुंदका आला. अक्का खेकसल्या, "रडायचं तर बसमध्ये रड. तिला अजून ओठ वाचता येत नाहीत, चेहरा येतो." मी हसले. कशी हसले, माझं मला ठाऊक...

दिवाळीला वैशाली आली आणि "आई" म्हणाली. घोगरा, फाटका आवाज. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, "कसा आवाज शे हा!" अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "तुमचा गोड आवाज इतकी वर्षं ऐकतोय ना आम्ही? काय मोठं ऐकायला मिळालं?" माझ्यानंतर कितीतरी आईबापांना त्या अशाच घेऊन गेल्या, आणि वाटभर त्यांनाही बोलत राहिल्या. पोराला आतल्या खोलीत लपवणाऱ्यांची त्यांना विशेष चीड. त्यातल्या निम्म्यांनी पुढे त्यांना ओळखही दिली नाही. शोकसभेला मात्र सगळे पांढरे कपडे घालून हजर.

वैशाली यंदा दहावी झाली. परवा संध्याकाळी आम्ही दोघी अक्कांच्या घरी गेलो. मधूभाऊंना हाक ऐकू येत नाही, म्हणून त्या घरात शिरणारा दाराजवळचं दिव्याचं बटण दोनदा खालीवर करतो. वैशालीनं केलं. मधूभाऊंनी मान वर केली, पण दाराकडे नाही, आधी खिडकीतल्या खुर्चीकडे बघितलं. कोण आलंय ते अक्का तिथून खुणेनं सांगायच्या. खुर्चीवर कोणी नव्हतं. ते तसेच बघत राहिले... मग वैशाली त्यांच्यासमोर गेली, छातीवर हात ठेवला आणि ओठ नीट मिटून, उघडून म्हणाली, "मी."